तलवारीची खोली

कोर्टाचा कमिशनर घर तपासायला येणार म्हणून देवनहळ्ळीहून ठकुबाईला बोलावून घ्यायचं, ही अक्कल हंबीररावांच्या वकिलाची. ठकुबाई म्हणजे हंबीररावांची थोरली बहीण. वकिलाचं म्हणणं असं, की नव्या भाडेकायद्यात मालकाला जागा हवी एवढ्यानं भागत नाही. भाडेकरू निघाला तर त्याचे हाल जास्त की न निघाला तर मालकाचे जास्त, हे कोर्ट तोलून बघतं. आणि हंबीररावांचे हाल काही केल्या दिसत नव्हते. खाली राहायचे ते, त्यांची बायको अनुसूयाबाई आणि मुलगा हरी. तिघांत कसले हाल, वकील म्हणाला, माणसं वाढवा.

माणसं वाढवायची म्हटल्यावर ठकुबाईसारखी दुसरी कोण सापडणार! सोमवारी तपासणी, तर ती शुक्रवारीच उतरली. सोबत नवरा पिराजी, दोन सुना, सुनांची पोरं, चकोतऱ्यांचं, म्हणजे पपनसांचं, पोतं आणि टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. हंबीरराव खूश झाले. अनुसूयाबाई मात्र अडचणीत पडल्या. गर्दी दिसू दे, स्वल्प हाल दिसू देत, असं नवऱ्यानं बजावलं होतं खरं, पण आलेल्या पाहुण्याचे हाल कसे करायचे हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपलं नेहमीचं केलं. अंथरुणं काढून बघितली, पुरत नाहीत म्हटल्यावर जिना चढून वर गेल्या आणि भाडेकरणीला म्हणाल्या, प्रेमा, आमच्या ठकुवन्सं आणि त्यांच्या सुना तुझ्याकडे झोपतील गं, खाली जागा नाही.

प्रेमा म्हणाली, पाठवा की अक्का, पिठलं टाकते.

ज्याला घराबाहेर काढायचं त्याच्याच घरात पाहुणे झोपवायचे, हे कुणाला चमत्कारिक वाटत असेल तर त्यानं बेंगळुरातल्या गवीपूरचं हे घर बघितलेलं नाही. दावा वर्षभर चालला होता, पण भांडण असं काही झालंच नव्हतं. प्रेमाचा नवरा रत्नाकर साताऱ्याकडचा, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच्याकडे स्कूटर होती आणि हंबीररावांचे गुडघे गेलेले होते, म्हणून तारखेच्या दिवशी वादी आणि प्रतिवादी एकाच स्कूटरवरून कोर्टात जात. मागे बसलेल्या हंबीररावांच्या मांडीवर डबा असे, दोघांचा. हंबीररावांचं कॉटनपेटेत मिलिटरी हॉटेल, म्हणजे मटणाची खाणावळ, आणि रत्नाकर शाकाहारी, म्हणून त्याचा कप्पा वरचा. कोर्टाच्या अलीकडच्या चौकात हंबीरराव उतरून पायी जात, कारण वकिलानं बघितलं तर तो कागद अंगावर फेकील अशी त्यांना धास्ती होती.

मग दावा लागला कशाला? तर हंबीररावांच्या खानदानीपणामुळं. माडी भाड्यानं देताना त्यांनी रत्नाकरचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, हे तुमचंच घर समजा. आता दिलेला शब्द परत कसा मागायचा? त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले होते, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं, आणि अशा घराण्यातला माणूस शब्द फिरवत नाही. वकिलाकरवी नोटीस मात्र पाठवता येते, ती काही आपण स्वतः बोललेली नसते. नोटीस बघून रत्नाकरचं डोकं फिरलं. तोंडानं सांगितलं असतं तर महिन्यात दुसरी जागा बघितली असती, तो बायकोला म्हणाला, पण खालच्या माणसानं वरच्या माणसाला पोस्टानं कळवावं? आता हलतच नाही.

पुढं त्याला खरोखरच हलता येईना. प्रेमाला दिवस गेले. याआधी दोन वेळा पोट पडलं होतं, दोन्ही वेळा पाचव्यात. या खेपेला सातवा लागला तरी सगळं जागच्या जागी होतं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सामान उचलायचं नाही, दगदग नाही, घर बदलण्याचं तर नावच काढू नका.

आणि खाली हरी. हरीचं वय बत्तीस. दिवसभर हॉटेलच्या गल्ल्यावर बसायचा आणि रात्री बोळात झोपायचा. हा बोळ म्हणजे पुढच्या सोप्यातून स्वयंपाकघरात जायची वाट. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तलवारीच्या खोलीचं दार, मधे हरीचं अंथरूण. पहाटे अनुसूयाबाई पाण्याला उठल्या की त्याला ओलांडून जायच्या. दोन स्थळं याच बोळावरून मोडली होती. तिसरं स्थळ यशवंतपूरच्या मालोजींच्या शुभदाचं. कांदे-बटाट्यांचे घाऊक व्यापारी, माणूस सरळ. हुंडा नको, मानपान नको, त्यांची एकच अट होती, मुलीला आतून कडी लागणारी खोली हवी. त्यांच्या थोरल्या लेकीला सासरी दोरीवर लुगडं टाकून त्यामागं झोपावं लागायचं, आणि ती माहेरी आली की कुणाशी न बोलता दार लावून नुसती झोपून राहायची. धाकटीचं तसं होऊ देणार नाही, ते म्हणाले. श्रावणात मुहूर्त धरायचा, इकडे श्रावणातही लग्नं लागतात. तोवर खोली झाली नाही तर दुसरं स्थळ तयार आहे.

आषाढ लागला होता. शुभदाला हरीनं एकदाच बघितलं होतं. चहाचा कप देताना तिनं हळूच विचारलं होतं, तुमच्या हॉटेलातला रस्सा तुम्ही स्वतः खाता का? हरी खरं बोलला होता, नाही म्हणाला होता, आणि ती हसली होती. ते हसू आठवून तो बोळात जागा राहायचा.

सोमवार उजाडायच्या आत वर भलतंच घडलं. ठकुबाई प्रेमाकडे झोपायला गेली ती शत्रूच्या किल्ल्यात शिरल्याच्या तोऱ्यात. पहिल्या रात्री तिनं वरच्या दोन खोल्या पावलांनी मापल्या. पण सकाळी तिनं प्रेमाचे पाय बघितले, सुजलेले. आई कुठं आहे तुझी, तिनं विचारलं. प्रेमानं सांगितलं, आई नाही. सासू? सासूही नाही. मग बाळंतपण कोण करणार? प्रेमा म्हणाली, दवाखाना आहे ना जवळ.

ठकुबाईला हे उत्तर सोसवेना. दवाखाना काय तेल चोळतो? शनिवारी दुपारपर्यंत वरची चूल सुनांच्या ताब्यात गेली होती आणि प्रेमा खाटेवर होती. रविवारी ठकुबाईनं खाली येऊन भावजयीला फैलावर घेतलं, की सातवा लागलाय आणि घरात अजून हिची ओटी भरलेली नाही, तुला काही लाज? अनुसूयाबाईंनी खण-नारळ काढला आणि वर जाऊन ओटी भरली. भरताना त्यांनाच रडू आलं. पोटची मुलगी नव्हती त्यांना, आणि ओटी भरून घ्यायला कधी कुणी असं खाली मान घालून समोर बसलं नव्हतं.

हंबीररावांना हे कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले. उद्या तपासणी आणि आज ओटी. आता ती लेक झाली, आणि माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीला बाहेर काढायचं म्हणजे... ते म्हणाले. अनुसूयाबाई म्हणाल्या, तुम्ही वर कागद पाठवलात, मी नारळ नेला, मी काय चुकले?

सोमवारी कमिशनर आले. म्हैसुरी पेटा घातलेले, उतारवयाचे, शांत गृहस्थ. त्यांचं बोलणं कानडीतून आणि या घरात सगळेच कानडी जाणणारे, त्यामुळं कुणालाच काही कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. सोप्यात वकिलानं चटया पसरून ठेवल्या होत्या आणि त्यांवर पिराजी पोरं घेऊन हाल होत असल्यासारखा बसला होता. सगळे इथंच कायम राहतात, वकील म्हणाला. कमिशनरनी पिराजीला विचारलं, कधीपासून? पिराजी शेतकरी माणूस, खोटं बोलायचं ठरवून बसला होता, पण तपशील कुणी पढवला नव्हता.

"कायम," तो म्हणाला. "शुक्रवारपासून कायम."

कमिशनरनी लिहून घेतलं. मग ते वर गेले. वकील मागोमाग, रत्नाकर त्यामागं. हंबीरराव गुडघ्यांचं निमित्त करून जिन्यातच थांबले, पण कान वर होते. ठकुबाईला शिकवलं होतं ते असं: आम्ही एवढी माणसं, भावाच्या घरात आम्हाला टेकायला जागा नाही, माडी रिकामी करून द्या. ती दारात आडवी बसली होती. म्हणाली, ही पोर बाळंत होईपर्यंत इथून हलणार नाही आणि मीही हलणार नाही. हंबीरला जागा हवी असेल तर त्यानं देवनहळ्ळीला यावं, आमचं जुनं घर रिकामंच पडलंय. कमिशनरनी तेही लिहून घेतलं. वकील वरच्या पायरीवर मटकन बसला.

पण तो कसलेला माणूस होता. खाली आल्यावर त्यानं शेवटचा डाव टाकला. कमिशनरना हात धरल्यासारखं बोळात आणलं, गुंडाळलेलं अंथरूण दाखवलं आणि सांगितलं, हा बघा साहेब, लग्नाचा मुलगा, बत्तीस वर्षांचा, या वाटेत झोपतो, याच्या अंगावरून घरची माणसं येतात-जातात, याला मुलगी कोण देणार? खरंच बोलला तो. हरी भिंतीला टेकून खाली बघत उभा होता. आपलं अंथरूण असं सरकारी माणसानं बघावं याची त्याला इतकी शरम वाटत होती की कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

कमिशनरनी अंथरूण बघितलं, छत बघितलं, आणि मग दाराकडे बोट केलं. या दारामागं काय आहे?

दार कुणी लपवलं नव्हतं. या दाराबद्दल कधी कुणी विचारलंच नव्हतं. दाव्यात खालच्या खोल्या लिहिल्या होत्या सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर. वकील इतक्यांदा घरी आला होता, पण दारावर वाळलेलं तोरण बघून त्याला ते देवघर वाटलं होतं.

"तलवार आहे," हंबीरराव म्हणाले.

"ती ठीक. राहतं कोण?"

"तलवार."

"एकटीच?"

हंबीररावांनी मान डोलावली. पूर्वजांची तलवार, त्यांनी समजावून सांगितलं. खंडेनवमीला बाहेर काढतो, पुजतो, परत ठेवतो. कमिशनरनी विचारलं, खोलीला खिडकी आहे का? आहे, पूर्वेची. आतून कडी? आहे, पितळी. मग त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, की तलवारीला आतून कडी कशाला लागते? हे विचारताना ते हसले नाहीत, त्यामुळं ते फार वाईट वाटलं.

चावी हंबीररावांच्या करदोऱ्याला होती. दार उघडा, कमिशनर म्हणाले. नवमीशिवाय उघडत नाही, हंबीरराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. ते स्वतः या बोळात वाढले होते. त्यांचे वडीलही. लहानपणी तापानं फणफणले होते तेव्हा आईनं त्यांना इथंच, दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याला निजवलं होतं, कारण आत तलवार होती. ती खोली त्यांनी कधी खोलीत धरली नव्हती. छातीतलं काळीज कुणी घरातल्या सामानात धरतं का? वर्षभर ते खोलीसाठी कोर्टात गेले होते आणि एकदाही हे दार डोक्यात आलं नव्हतं.

"अप्पा," हरी म्हणाला. एवढ्या वर्षांत तो बापासमोर असा कधी बोलला नव्हता. "मॅट्रिकच्या वेळी मी आत बसून अभ्यास करू का विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. मी पुन्हा विचारलं नाही. आता विचारतो. लग्न माझं व्हायचंय की तिचं?"

हंबीरराव लालबुंद झाले. बाहेरच्या माणसासमोर, तेही सरकारी! ते काही बोलणार तोच अनुसूयाबाई स्वयंपाकघराच्या दारातून पुढं झाल्या. पदरानं हात पुसत होत्या, पण हात कोरडेच होते.

"मी नवरी होऊन आले तेव्हा आपण कुठं निजलो, आठवतंय?" त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरात. भुईमुगाच्या पोत्यांमागं. सासूबाई पाण्याला यायच्या, खोकून यायच्या. मी कधी काही बोलले नाही. पण त्या खोकण्याची मला आजही लाज वाटते हो."

कमिशनरनी वही मिटली आणि ते अंगणात जाऊन चकोतऱ्यांच्या पोत्याकडे बघत उभे राहिले. चांगला माणूस होता तो. वकीलही मागोमाग गेला.

हंबीररावांनी करदोऱ्याची चावी चाचपली. बायकोकडे बघवेना. उघडायला काय लागतंय, ते पुटपुटले, पण मग तिला ठेवायची कुठं? आणि खरोखरच तिथं घोळ सुरू झाला. सोप्यात? चपलांशेजारी? स्वयंपाकघरात? तिथं भाजीची विळी. हॉटेलात न्यावी, असं पिराजीनं सुचवलं, तर हंबीररावांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला. शहाजीराजांच्या फौजेतली तलवार, खाटकाच्या सुऱ्यांच्या रांगेत! बोळात ठेवू या का, हरीनं विचारलं, आणि ते कुणाला हसण्यासारखं वाटलं नाही.

एवढ्यात ठकुबाई वरून ओरडली, की पोटुशी बाईच्या खाटेखाली लोखंड लागतं, वरच्यांच्या घरात धड विळासुद्धा नाही, कुणी तरी कोयता आणून द्या. तिला खाली काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. कोयता म्हटल्यावर सगळ्यांनी वर बघितलं. प्रेमा कठड्याला धरून उभी होती. तिला उठायला बंदी होती, पण मघापासूनचं सगळं तिनं ऐकलं होतं. दोन बाळं गेली तेव्हा खाटेखाली काहीच नव्हतं, हे ठकुबाईनं काल बोलून दाखवल्यापासून ती घाबरली होती. शिकलेली बाई, पण घाबरली होती.

"अण्णा," ती म्हणाली, "माझ्या खाटेखाली ठेवाल तिला? मी सांभाळीन. माझी सगळी भीती जाईल."

हंबीररावांनी चपला काढल्या. दार उघडलं. आत कोंडलेला वास होता, हळदीचा आणि जुन्या तेलाचा, आणि पूर्वेच्या खिडकीतून असं ऊन आत आलं की बोळ उजळला. हरीनं आपल्या अंथरुणाकडे बघितलं आणि मग खोलीकडे. हंबीरराव तलवार दोन्ही हातांवर आडवी घेऊन बाहेर आले आणि गुडघे कुरकुरत असताना एकेक पायरी चढून वर गेले. माडी भाड्यानं दिल्यापासून ते प्रथमच वर येत होते. आपण दिलेल्या घरात डोकावू नये, हाही त्यांचा खानदानीपणा.

तलवार खाटेखाली ठेवून उठताना त्यांचं लक्ष छताकडे गेलं. कौलं फुटली होती, पाणी झिरपून भिंतीवर मोठा डाग पडला होता, खाली पातेलं ठेवलेलं होतं. हे काय, त्यांनी विचारलं. रत्नाकर म्हणाला, तीन पावसाळे सांगतोय तुम्हाला, अण्णा.

"लोखंड आहे ते, गंजेल ना!" हंबीरराव कडाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कौलं शाकारायला माणूस हजर होता. रत्नाकर हसावं की रडावं या विचारात स्कूटर घेऊन कारखान्यात निघून गेला.

दावा मागं घेतला. पुढच्या तारखेला दोघं नेहमीप्रमाणे स्कूटरवरून गेले, आणि या खेपेला हंबीरराव चौकात उतरले नाहीत, थेट कोर्टाच्या दारात उतरले. वकिलानं बघितलं. त्यानं कागद फेकले नाहीत, नुसता कपाळावर हात मारला.

श्रावणात हरीचं लग्न झालं. मालोजींनी पितळी कडी स्वतः तीन-चारदा लावून बघितली. शुभदा पहिल्या रात्री दार लावून झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत, आणि अनुसूयाबाईंनी कुणाला बोळात खोकू दिलं नाही. भाद्रपदात प्रेमाला मुलगी झाली. ठकुबाईनं तिला तेल चोळून चोळून लाल केलं आणि मगच ती देवनहळ्ळीला परत गेली.

आणि खंडेनवमी आली. हंबीरराव अंघोळ करून, सोवळं नेसून, पूजेचं ताट घेऊन वर गेले. आता शस्त्रपूजा करायची तर भाडेकरूचं दार वाजवायला हवं होतं. वाजवलं. रत्नाकरनं दार किलकिलं केलं, तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजला, अण्णा, आत्ताच निजलीय, रात्रभर झोपली नव्हती. मुहूर्त टळतोय का?

मुहूर्त टळत होता. आतून प्रेमानं विचारलं, उठवू का तिला?

"नको, नको," हंबीरराव म्हणाले. ताट मांडीवर घेऊन ते दाराबाहेर पायरीवर बसले. "निजू दे पोरीला. आम्हाला त्या तलवारीच्या दाराबाहेर थांबायची सवय आहे."